यात्रेचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याने ठरवावा

परदेशातल्या तीर्थयात्रांची पत्रकं वाचताना अलीकडे मन खट्टू होतं. रोम, असिसी, लूर्ड्स, फातिमा, सगळं एकाच दमात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, जमेल तिथे. आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'भरपूर चालू शकणाऱ्यांनीच नाव नोंदवावे.' या शेवटच्या ओळीचा मला राग येतो.

फ्रान्समधल्या लूर्ड्सचीच गोष्ट घ्या. 11 फेब्रुवारी 1858 रोजी पवित्र मरियेचं पहिलं दर्शन झालं ते बर्नादेतला. 14 वर्षांची, दम्याने बेजार मुलगी. घरची गरिबी अशी की सगळं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत राहायचं. 2 मार्चला तिने धर्मगुरूंना मातेचा निरोप दिला: लोकांनी इथे मिरवणुकीने यावं, इथे चॅपल बांधावं. म्हणजे सगळ्यांनी मिळून येणं हा तिथल्या भक्तीचा पायाच आहे. आजही तिथे आजाऱ्यांचा मान पहिला. स्वयंसेवक त्यांच्या निळ्या गाड्या ओढतात, पवित्र साक्रामेंताचा (येशूचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीचा) आशीर्वाद घेऊन धर्मगुरू त्यांच्यापाशी जातात. आणि अशा ठिकाणी जाणाऱ्या यात्रेत आजाऱ्याला जागा नाही?

जेरुसलेमला आमच्या गटात एक मावशी होत्या, गुडघ्यांनी थकलेल्या. येशूने क्रूस वाहून नेला त्या क्रुसाच्या वाटेवर प्रार्थनेसाठी थांबायची स्थानं आहेत; त्यांतल्या पाचव्या स्थानानंतर पायऱ्यांचा चढ लागतो. तिथे आयोजकांच्या माणसाने त्यांना सांगितलं, 'तुम्ही मागे फिरा, गेटपाशी बसा, आम्हाला उशीर होतोय.' पाचवं स्थान कोणतं? कुरेनेकर सिमोनने येशूचा क्रूस उचलला ते! नुकतीच आम्ही तिथे प्रार्थना म्हटली होती. शेवटी गटातल्या दोन मुलांनी मावशींना दोन्ही बाजूंनी धरलं आणि थांबत थांबत वर आणलं. त्या मुलांनी केली ती खरी यात्रा, असं मी आजही मानतो.

थोडी माहिती असली तरी पुष्कळ साधतं. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये कालवारीवर, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या जागी, जायला उभा, अरुंद जिना आहे. पण येशूचं शरीर जिथे लेपलं असं मानतात ती शिळा प्रवेशद्वारातून आत गेल्याबरोबर समोरच आहे. जिना न चढणाऱ्याला तिथे निवांत बसू द्यावं. बेथलेहेमला येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चचं दार इतकं ठेंगणं की सगळ्यांनाच वाकावं लागतं, आणि जन्मस्थानाची गुहा पायऱ्या उतरून खाली. हे आधी सांगितलं तर माणूस मनाची तयारी करून येतो.

स्थळांची संख्या वाढवा असं चर्चने कधी सांगितलेलं नाही. 2025 च्या ज्युबिलीत, म्हणजे चर्चच्या पवित्र वर्षात, तर आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांनाही मनाने यात्रेकरूंशी जोडून घेऊन पूर्ण दंडमोचन (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) मिळवता येत होतं. मग दोन स्थळं गाळली तर काय बिघडलं? लूर्ड्सला एक रात्र जास्त राहा. संध्याकाळच्या मशालींच्या मिरवणुकीत पूर्ण जपमाळ होऊ द्या, बस थांबलीय म्हणून जपमाळेच्या तिसऱ्या रहस्यावर (टप्प्यावर) उठू नका.

फादर आणि यात्रा काढणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढचं पत्रक छापताना ती बारीक अक्षरांतली ओळ काढा. प्रत्येक स्थळापुढे पायऱ्या किती, व्हीलचेअर कुठपर्यंत जाते, ते लिहा. आणि नावनोंदणीच्या फॉर्मवर दोन प्रश्न घाला: तुम्हाला कुणाचा आधार लागेल का? तुम्ही कुणाला आधार देऊ शकाल का?