भाराभर चिंध्या आणि एक वाकळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू? काम शोधणाऱ्यानं चार कामं शिकावीत आणि अंग मोडून करावीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : "माझ्या आईबापानं बावीस वर्षं ऊस तोडला. त्यांच्याइतकी मेहनत तुमच्या कंपनीत कोण करतं? आणि चार कामं शिकून मी काय मिळवलं? बीडच्या दुकानात बिलं, टॅलीवरचे हिशेब, फोन, गोडाऊन सगळं मीच बघते, पगार मात्र एकीचाच. एक ना धड, भाराभर चिंध्या."

पहिला मुद्दा मान्य. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीला कोयता घर सोडतो. (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी, तुम्हाला काय सांगायचं!) उन्हाळा लागेपर्यंत फडात राबायचं, रात्री-बेरात्री गाडी आली की उठून मोळ्या वाहायच्या, आणि गावी परतताना कित्येकांची उचल फिटलेलीच नसते. नुसत्या मेहनतीनं दिवस पालटत असते, तर ऊसतोड्यांच्या धारूर-वडवणीत आज माड्या दिसल्या असत्या. 'मेहनत करणाऱ्याला काम मिळतंच' हे माझं वाक्य चुकलं. काम त्यांनाही मिळतंच की. दर ठरवताना त्यांना कोण विचारतं?

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार आहे.

मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. कारखान्यात शिरण्याआधी सेलूला मोटार रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळायच्या) दुकानात दोन वर्षं काढली. उन्हाळ्यात व्होल्टेज पडायचं, विहिरी तळाला जायच्या, मोटारी जळायच्या आणि दुकानासमोर रांग लागायची. तिथं वाइंडिंगबरोबर बेअरिंग काढणं, बुश बसवणं हेही माझ्याच गळ्यात, कारण फिटरला वेगळे पैसे द्यायची मालकाची तयारी नव्हती. मीही तुमच्यासारखाच चडफडायचो.

पुढं वाळूजच्या एमआयडीसीत मुलाखतीला गेलो. साहेबांनी नाव विचारलं असेल-नसेल, खालून फोन आला : कन्व्हेयरची (माल वाहणाऱ्या पट्ट्याची) मोटार सारखी ट्रिप होऊन बंद पडतेय. मला म्हणाले, "चल, बघ." खाली इलेक्ट्रिकलवाला मेकॅनिकलकडं बोट दाखवतोय, मेकॅनिकलवाला इलेक्ट्रिकलकडं. रिले रीसेट केला की दहा सेकंदांत पुन्हा ट्रिप. मी सप्लाय बंद करून कपलिंग, म्हणजे मोटार आणि गिअरबॉक्समधला जोड, सोडायला सांगितलं आणि मोटार मोकळी चालवली. क्लॅम्प मीटर लावला, करंट व्यवस्थित. म्हणजे मोटारीत खोट नाही. पुन्हा सप्लाय काढून गिअरबॉक्सचा शाफ्ट हातानं फिरवायला गेलो, तर तो जागचा हलेना. बेअरिंग जाम! यात हुशारी काही नव्हती, सेलूत हेच तर करत होतो. पण नोकरी त्याच दिवशी पक्की झाली.

आता तुमच्या बाजूचं. त्याच कंपनीनं नंतर मेंटेनन्ससोबत स्टोअरही माझ्यावर टाकलं. सव्वा वर्ष, पगारात एक रुपया न वाढवता. जादा तासांना दुप्पट दर द्यायचा, हे तेव्हाच्या १९४८च्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं. मला एकपटही मिळाला नाही. ते मी विसरलेलो नाही. मात्र इंडेंट (मालाची मागणी) कसा करायचा, कुठला सुटा भाग किती दिवसांत येतो, काय कायम शिल्लक ठेवायचं, हे तिथंच कळलं आणि त्याचे पैसे दुसऱ्या कंपनीनं दिले. चौथ्या कामाची किंमत बहुतेकदा शेजारच्या गेटवर मिळते. आता शेजारी गेट तर असायला हवं ना! वाळूजला आहे, शेंद्र्याला आहे, बीडला तेवढी नाहीत. हे मी लिहायला हवं होतं.

चिंध्यांचं म्हणाल, तर माझी आई वाकळ शिवायची. आधी जुन्या नऊवारीचं अस्तर अंथरायची, मग त्यावर चिंध्या. अस्तराशिवाय टाका धरत नाही. तुमचं अस्तर मला टॅली वाटतं. दोन-तीन महिने संध्याकाळी एखाद्या कर सल्लागाराकडं बसता आलं तर बघा. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांचं विक्रीचं विवरणपत्र ११ तारखेपर्यंत, थ्री-बी (कर भरायचं विवरणपत्र) २० पर्यंत. त्या आठवड्यांत त्यांना हाताखाली माणूस हवाच असतो. खरेदीची बिलं टू-बीशी (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीशी) जुळवता आली, की तुमची गोडाऊनची धावपळही कामाला येईल. माल प्रत्यक्ष पाहिलेला असला की बिलातली चूक चटकन दिसते.

आणि बायोडाट्यात 'कॉम्प्युटर येतो' एवढ्यावर थांबू नका. महिन्याला किती बिलं करता, किती वस्तूंचा साठा सांभाळता, ते आकडे टाका. मला पाठवा, मी लाल पेन घेऊन बसतो. 'काम मिळतंच' हे वाक्य मागच्या लेखातून काढलंय. तुमची प्रतिक्रिया मात्र आहे तशीच राहील, चिंध्यांसकट.