बुटर बाय दी फिशे आणि लाल पेनाची मस्ती

डोकं फिरलंय, म्हणून स्पष्टच लिहिते. दिवसभर ऑफिसात राबून, संध्याकाळी कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून वाट काढत, पदरचे पैसे मोजून आम्ही जर्मन शिकायला जातो. आणि तिथे वाक्प्रचारांच्या नावाखाली आमचा जो छळ चालतो, त्याला काही सुमारच नाही.

बी-टूच्या, म्हणजे जर्मनच्या चौथ्या पातळीच्या, वर्गात परवा एक झेरॉक्स हातात पडली. विषय: कामाला लागणे. डावीकडे जर्मन, उजवीकडे अर्थ. आणि अर्थ तरी काय? कामाला लागणे. जोमाने कामाला लागणे. एकदाचे कामाला लागणे. घ्या, करा पाठ! कोण कोणाला म्हणतं, लाडाने म्हणतं की खेकसून, साहेबासमोर चालतं का, याबद्दल अवाक्षर नाही. 'दी एर्मल होखक्रेम्पल्न', म्हणजे बाह्या वर सारणं, हे बिचारं सभ्य आहे, कुठेही खपतं. पण त्याच्याच खाली, त्याच अर्थाने, 'झिश आम रीमन राइसन'. अहो, 'राइस डिश आम रीमन' हा चक्क दम आहे! नीट वाग, सावर स्वतःला, असा. उद्या एखादा गरीब पोरगा हे क्लायंटला ऐकवेल आणि वर म्हणेल, मॅडमनी यादीत दिलं होतं. झेरॉक्स काढायला वेळ आहे, बाजूला 'जपून' एवढं लिहायला नाही.

त्या बाह्यांचंच घ्या. कोरोनाच्या लसीसाठी जर्मन सरकारने मोहीम काढली, तिचं घोषवाक्यच होतं 'जर्मनी बाह्या वर करतोय'. दंडावर सुई टोचून घ्यायला बाही वर, आणि देश म्हणून कामाला लागायलाही बाही वर. एका ओळीत दोन्ही. हे वर्गात सांगितलं असतं तर कोणी जन्मात विसरलं नसतं. पण नाही. आमच्याकडे सगळा तास गेला तो 'होख', म्हणजे 'वर', कुठे ठेवायचा यात. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आणि होख पार शेवटी. 'वीअर क्रेम्पल्न आम मोनटाग आले त्सुझामन दी एर्मल... होख'. भूतकाळात मध्ये 'गे' घुसवून होखगेक्रेम्पल्ट. 'त्सू' आला की होखत्सुक्रेम्पल्न. बाह्या वर होईपर्यंत सोमवार संपतो.

बरं, हेही सहन केलं. व्याकरण आहे, करावंच लागतं. पण आता खरी गंमत ऐका.

माझं काम हॅम्बुर्गच्या लोकांशी. तिकडचा टीम लीड, निवृत्तीला टेकलेला भला माणूस, सोमवारचा कॉल एकाच वाक्याने सुरू करतो: 'झो, बुटर बाय दी फिशे!' माशांसोबत लोणी. म्हणजे हवापाण्याच्या गप्पा पुरे, मुद्द्यावर या. म्हणतात की लोणी आधी वाढलं तर वितळून जातं, म्हणून ते अगदी शेवटी, जेवायला बसतानाच माशावर यायचं. लोणी आलं की सुरू करा. (आम्ही मालवणकडचे. बांगड्याला तिरफळ लागतं एवढंच आम्हाला ठाऊक. माशावर लोणी ऐकून आईने फोनच ठेवला.) मला वाक्प्रचार फार आवडला. वर्गातल्या पत्रलेखनात मोठ्या हौसेने वापरला.

वही परत आली ती 'दी'वर लाल काट मारून. वर टपोऱ्या अक्षरात 'डेन', पुढे 'फिशे'ला एक 'न' चिकटवलेला, समासात 'डाटिव्ह!!' (आपल्या चतुर्थीसारखी विभक्ती, तिच्यात अनेकवचनी 'दी'चं 'डेन' होतं) आणि मार्क कापलेले. दोन उद्गारचिन्हं. एक पुरलं नसतं जणू.

आता मला सांगा, आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू या शब्दयोगींपुढे डाटिव्ह येतो हे मला माहीत नसेल? ए-वनपासून, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून, तुम्हीच घोकून घेतलंय ना? झोपेत उठवून विचारा. पण हा वाक्प्रचार मुळात उत्तरेकडच्या प्लाटडॉइच बोलीतला. त्या बोलीत डाटिव्ह कधीच झडून गेला, अनेकवचनाला सरसकट 'दे'. त्या 'दे'चंच पुढे 'दी' झालं आणि तसंच रूढ झालं. खुद्द डूडन या जर्मनच्या प्रमाण कोशात 'बाय दी फिशे' असंच छापलंय. मी पान उघडून मॅडमसमोर धरलं. मॅडम काय म्हणाव्यात? 'परीक्षेला डूडन घेऊन बसणार आहात का?'

तळपायाची आग मस्तकात गेली हो! नियम कोणी मोडला? हॅम्बुर्गकरांनी. पिढ्यान्‌पिढ्या, बिनधास्त. मार्क कोणाचे कापले? पुण्यात घाम गाळणारीचे. आणि मॅडमचं ऐकून कॉलवर 'बाय डेन फिशेन' म्हटलं तर तो भला माणूस पोट धरून हसतो. म्हणजे वर्गात बरोबर बोललं की कामावर हसं, कामावरचं वर्गात लिहिलं की लाल पेन. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि हे माझ्यापुरतं असतं तर गिळलं असतं. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केलाय. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी गावागावातली पोरं जर्मन घोकायला बसली. ती जाणार कुठे? दक्षिणेत, श्टुटगार्टकडे. तिथले श्वाबिश लोक साधं कामाला जाण्यालाच 'शाफे' म्हणतात. 'शाफे, शाफे, हॉयझले बाउए', राबा, राबा, घर बांधा, हे त्यांचं ठरलेलं पालुपद. पुस्तकात शाफन म्हणजे काय? जमणं, पार पाडणं. पहिल्याच दिवशी मुकादम विचारणार, शाफतोस कुठे, आणि आमचा पोरगा सांगणार, हो, जमतंय. त्याला बिचाऱ्याला कोणी आधी बसवून सांगितलंय का हे? त्याच्या हातात तीच दोन रकान्यांची झेरॉक्स.

पुढच्या तासाला त्याच यादीवर चाचणी आहे. बुटरसुद्धा आहे त्यात. मी 'दी'च लिहिणार. कापा म्हणावं हवे तेवढे मार्क.