टिटवीच्या घरट्यात परीस नसतो, पोरांना तिकडे पाठवू नका

तो टिटवीचा मेसेज आठवडाभर फिरतोय. मी सोडून दिला असता, पण काल तो आत्याच्या गावच्या ग्रुपवर पोचला आणि संध्याकाळी आमचा बारा वर्षांचा आतेभाऊ मित्रांना घेऊन, खिशात खिळे भरून माळावर गेला. का, तर टिटवी म्हणे परीस आणून अंडी फोडते, घरट्यात लोखंड ठेवा, सोनं होईल!

आधी मेसेजमधला फोटो. तो टिटवीचा नाहीच, शेकाट्या नावाच्या दुसऱ्याच पाखराचा आहे, लांबलचक गुलाबी पाय दिसत नाहीत का? टिटवीचे पाय पिवळे, गळा-छाती काळी, डोळ्यापुढे लालभडक मांसल पट्टी.

आता परीस. पिल्लाच्या चोचीच्या टोकाला एक टणक पांढरा कण असतो, कोंबडीच्या पिल्लालाही असतो, खुराड्यात जाऊन बघा. त्यानं ते आतून कवच फोडतं, नंतर कण गळून पडतो. बास, एवढंच. आणि घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, कडेनं खडे, शेळीच्या लेंड्या. अंडी मातकट, त्यावर काळे डाग, दोन पावलांवरून दिसत नाहीत, मग चार पोरं तिथं शोधत फिरली की एखादं पायाखाली जाणारच ना? तोवर नर-मादी डोक्यावर ओरडत घिरट्या घालणार आणि अंडी उघडी, मे महिन्याच्या उन्हात! ही पाखरं पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात अंडी गार ठेवायला, आणि आपण तिथं खिळे मांडून बसायचं? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं ही शिकारच धरलीये, हे पण फॉरवर्ड करा.

चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, हे तर दरवर्षी पेपरात पण येतं. सलीम अलींचं पक्ष्यांवरचं पुस्तक उघडा, टिटवीची अंडी चार असंच दिलंय. दुष्काळातही चारच घालते ती, कधी तीन. अंड्यांच्या टोकांवरूनही पाऊस सांगतात, पण टोकं आत करून ठेवते कारण तशी ती पोटाखाली नीट मावतात. अंडी उंचवट्यावर म्हणजे पाऊस जोरदार म्हणे. उंचवट्यावर घालते हे खरं आहे, बऱ्याचदा घालते, पण मार्च-एप्रिलच्या अंड्यातली पिल्लं पावसाआधीच पळायला लागतात, तिला ऑगस्टचं काय करायचंय?

टिटवी झाडावर बसली की भूकंप म्हणे. झाडावर बसत नाही हे बरोबर, मागचं बोट अगदीच बारकं, फांदी धरता येत नाही. त्यात भूकंपाचा काय संबंध! रात्री ओरडली की मरण, हेही तसलंच, कुत्रं नाहीतर माणूस जवळ आलं की ओरडते ती.

घरटं सापडलंय, अंडी चारही शाबूत आहेत. आत्याला सांगितलंय, कुळवाची पाळी घालताना तेवढा तुकडा सोडा, २८-३० दिवसांचा प्रश्न आहे, पिल्लं निघाली की लगेच स्वतःच्या पायांनी चालत जातील.