आखाड्यावरचा रेडिओ आणि सरकारचा पैसा

रेडिओ आता कोण ऐकतंय, असं म्हणणारांनी २०२५ च्या सप्टेंबरातली ती रात्र आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, काढायला पाहिजे होती. धो धो पाऊस, लाईट दुपारीच गेलेली, मोबाईलला रेंज नाही, अन तात्यांच्या जुन्या रेडिओत शेल होते म्हणून तेवढाच एक आवाज चालू. त्याच्यावर काय लागलेलं, तर गाणी. नदीला पाणी किती आलं, वरच्या धरणातून किती सोडलं, पुलावरून जाता येतंय का नाही, एक शब्द नाही. तात्या रात्रभर काटा फिरवत बसले. ते माझ्या डोक्यातून जातच नाही. रेडिओ होता, ऐकणारा होता, आमच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं.

लहानपणी आकाशवाणीचं परभणी केंद्र लागायचं, १३०५ किलोहर्ट्झ. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम सुरू झाला की कृषी विद्यापीठातले साहेब लोक तुरीवर, बोंडअळीवर आमच्याच भाषेत बोलायचे, गडी माणसं बैलं बांधता बांधता कान देऊन ऐकायची.

आता पैसाच नाही म्हणावं तर तसंही नाही. केंद्र सरकारनं २०२३ मधे आकाशवाणी-दूरदर्शनसाठी २५३९ कोटींची योजना मंजूर केली. पण जोर कशावर, तर ट्रान्समीटर, स्टुडिओ, यंत्रं. कम्युनिटी रेडिओला, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या स्टेशनला, जे अनुदान आहे तेही मुख्यतः मशिनरीलाच. मशीन येतं हो, पण माईकपुढं बसणाऱ्या पोरीचा पगार, गावोगाव रेकॉर्डिंगला फिरायचं पेट्रोल, लाईट बिल, हे महिन्याच्या महिन्याला कोण देणार?

म्हणतात जाहिराती घ्या. २०२४ मधे कम्युनिटी रेडिओवरच्या जाहिरातींची मर्यादा तासाला ७ ची १२ मिनिटं केली, सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ५२ चा ७४ रुपये केला. चांगलं झालं. हिशोब केला तर १२ मिनिटं पूर्ण भरली तर तासाचे ५३२८ रुपये, पण भरणार कोण? १०० वॉटचं स्टेशन, १०-१५ किलोमीटरचा पट्टा, त्यात चार कृषी सेवा केंद्रं, दोन कापड दुकानं अन एक भांड्याचं. दुष्काळ पडला की पहिली जाहिरातच बंद होते, आणि चारा छावणी कुठं, टँकर कधी, हे सांगायला रेडिओ लागतो तो नेमका त्याच साली.

म्हणून माझं म्हणणं आहे की जिल्हा वार्षिक योजनेत कम्युनिटी रेडिओच्या चालू खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवा, एकदम तीन वर्षांची, म्हणजे पालकमंत्री बदलला तरी स्टेशन बंद पडणार नाही. सरकारचा पैसा घेतला की सरकारचंच गुणगान करावं लागतं, ही भीती मला पण आहे आणि ती खोटी नाही. प्रसार भारतीचा, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या स्वायत्त संस्थेचा, कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ ला, तरी आजही पगार केंद्राच्या अनुदानावरच. त्यामुळं आमच्या स्टेशनवर काय लावायचं हे मंत्र्यानं नाही, गावकऱ्यांच्या समितीनं ठरवायचं, अन हिशोब दरवर्षी ग्रामसभेत वाचायचा. कम्युनिटी रेडिओच्या नियमात निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून पाहिजे असं आहेच की, आणि पूर, हवामान, लाईट-पाण्याची माहिती द्यायला कम्युनिटी रेडिओवर स्वतःच्या बातम्यांना जी बंदी आहे ती आड येत नाही.

नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी मी कलेक्टर ऑफिसला निवेदन देणार आहे. सेलू, जिंतूर, पाथरीकडच्या लोकांनी आपापल्या ग्रामसभेचा ठराव सोबत जोडायला आणला तर लई बरं होईल.