लघवी लाल झाली आणि गोळ्या थांबल्या

जळगाव-धुळ्याकडच्या आमच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘रोग औषधानं बरा होतो, गप्पांनी नाही. नर्सनं इंजेक्शन द्यावं, सलाईन लावावं. एवढ्या गर्दीत पेशंटशी बोलत बसायला वेळ कुठे आहे? गोड बोलणं हा स्वभाव असतो, तो शिकवून येत नाही. आणि खेड्यातल्या पेशंटला सांगून कळतं तरी काय? नातेवाइकाला सांगा, मोकळे व्हा.’ मी नर्स म्हणून २१ वर्षं ड्युटी करते आहे. ट्रेनिंगच्या मुलींनीही या मेसेजला अंगठे दिलेले पाहिले, म्हणून लिहायला बसले.

रोग औषधानं बरा होतो हे खरंच आहे, पण ते औषध पोटात जायला हवं. चोपडा तालुक्यातले एक दादा, केळीच्या बागेत मजुरीला जाणारे, टीबीच्या गोळ्यांवर होते. साध्या टीबीचा कोर्सही सहा महिन्यांचा असतो. ‘गोळ्या घेताय ना?’ असं दर वेळी कुणीतरी विचारायचं, ते ‘हो’ म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? ‘नाही’ म्हटलं की ओरडा बसतो. वजन मात्र वाढेना. एके दिवशी मी प्रश्न बदलला. म्हटलं, ‘दादा, गोळी घेतल्यावर अंगात काय काय होतं, ते सांगा.’ ते चपलेकडे बघत राहिले. मीही गप्प बसले. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, ‘लघवीमा रगत ई ऱ्हायनं.’ नऊ दिवसांपासून गोळ्या बंद होत्या. त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. त्यानं लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी-लालसर होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, रक्तही नसतं. पण हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं. गोळ्या अशा मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार कितीतरी अवघड होऊन बसतो. इथे दोन मिनिटांचं बोलणं औषधाइतकंच गरजेचं होतं.

बोलण्यानं दुखणंसुद्धा कमी होतं. १९६४ साली अमेरिकेत बोस्टनला पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटांवर अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला भूलतज्ज्ञांनी आधीच समजावलं होतं: कुठे दुखेल, का दुखेल, अंग सैल कसं सोडायचं, कूस कशी बदलायची. त्या गटाला अफूवर्गीय वेदनाशामक जवळपास निम्मं लागलं. तिथे बोलले ते डॉक्टर. आपल्याकडे ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटच्या खाटेजवळ कोण असतं? सिस्टरच.

आता वेळेचं. रात्रपाळीला एकटीनं चाळीस पेशंटचा वॉर्ड मी सांभाळलाय, त्यामुळे या तक्रारीला मी खोटं म्हणणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. तो पाळला जात नाही, याबद्दल भांडायलाच हवं. पण माणसं कमी आहेत म्हणून तोंड बंद ठेवा, हे कुठलं उत्तर? स्वित्झर्लंडमध्ये ३३५ पेशंटांना मध्ये न तोडता बोलू दिलं, तर ती माणसं सरासरी ९२ सेकंदांत बोलून थांबली. दोन मिनिटांच्या आत संपवणारे ७८ टक्के होते. सलाईनची बाटली बदलून नोंद लिहून होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. हात काम करत असतात, कान मोकळे असतात.

गोड बोलण्याचा मुद्दा मला सगळ्यात खटकला. कारण हे गोड बोलणं नव्हेच. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेनं १९५२ मध्येच नर्स आणि पेशंटचं नातं हाच शुश्रूषेचा गाभा म्हणून मांडला. ‘काही होत नाही, टेन्शन घेऊ नका’ हे किती गोड वाक्य! पण त्यानं पेशंटचं तोंड बंद होतं. यावलकडच्या एक आजी ऑपरेशनच्या सकाळी मंगळसूत्र काढेनात. सगळ्यांनी त्यांना हट्टी ठरवलं. मीही आधी तेच गोड वाक्य बोलले. मग शेजारी टेकले आणि विचारलं, ‘आजी, काढलं तर काय होईल असं वाटतं?’ तेव्हा कळलं: आजोबा घरी आजारी होते, आणि सौभाग्याचं लेणं आपल्या हातानं उतरवलं तर त्यांचंच काही बरंवाईट होईल, ही भीती. मंगळसूत्र सुनेनं काढलं, स्वच्छ गॉजमध्ये बांधून स्वतःच्या पदराला गाठ मारली. आजी थिएटरमध्ये गेल्या. मोकळा प्रश्न विचारणं, गप्प थांबणं, खोटा धीर न देणं, सांगितलेलं पेशंटकडून पुन्हा वदवून घेणं, हे सगळं शीर शोधण्यासारखंच सरावानं येतं.

राहिलं ‘खेड्यातल्या माणसाला काय कळतं’. आपल्याकडे अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, भिली आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला ‘शुद्ध’ बोलायला लावलं, आणि आम्ही घरची भाषा दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवली. ‘जेवणापूर्वी अर्धा तास’ म्हटल्यावर पेशंट मान हलवतो, याचा अर्थ कळलं असा नसतो. नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, पोरांचं तर बाहेरून काहीच दिसत नाही. हाडं फुटल्यासारखी दुखतात आणि आपण म्हणतो, नाटक करतोय. त्याच्या भाषेत विचारा, बोटं मोजून दाखवायला सांगा, बरोबर सांगतो.

आणि नातेवाइकाला सांगून मोकळं होणं. पारोळ्याकडची एक बाई आली होती. सोबतचा सोळा वर्षांचा मुलगाच सगळं बोलत होता: आईला थकवा येतो, कंबर दुखते. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मी मुलाला केसपेपर काढायला पाठवलं, पडदा ओढला आणि अहिराणीत विचारलं, ‘माय, काय व्हई ऱ्हायनं?’ तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग सांगितलं, अंगावरून पांढरं जातंय, वास येतो, मधूनच लालही दिसतं. कधीपासून, विचारलं.

‘दोन वरीस व्हई ग्यात.’

त्याच दिवशी तिला डॉक्टर मॅडमकडे तपासणीला घेऊन गेले. मुलगा परत आला तेव्हा त्याच्या हातात थकव्याचा केसपेपर होता. तो बदलून घेतला.