घरकर्जाला पर्याय शोधताना जमिनीकडे पाहावे लागते

गृहकर्जाच्या कागदपत्रांबरोबर परतफेडीचे एक लांबलचक कोष्टक मिळते आणि माझ्यासारखे बहुतेक कर्जदार ते पहिल्या पानापलीकडे वाचत नाहीत. मी ते अलीकडे एका संध्याकाळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतले, तर पहिल्या हप्त्यातील सुमारे ८३ टक्के रक्कम व्याजातच जाते, निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षे लागतात आणि अखेरीस मुद्दलाच्या २.१६ पट रक्कम भरून झालेली असते. यात लबाडी कोणाचीच नाही, कारण उरलेल्या मुद्दलावर व्याज आणि दरमहा समान हप्ता या दोन अटी घातल्या की गणित असेच येते. तरीही, आयुष्याची उमेदीची १४ वर्षे खर्ची घालून घर निम्मेच सुटते हे आकड्यांत पाहिल्यावर दुसरी वाट आहे का, असा प्रश्न मला पडला.

शोधायला गेल्यावर आधी भेटतात ती चाकांवरची छोटी घरे, राहण्यायोग्य केलेल्या गाड्या, मालवाहू कंटेनरमधले संसार आणि मातीची स्वहस्ते बांधलेली घरे. या मंडळींच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण त्यांचे व्हिडिओ पाहताना एक गोष्ट खटकत राहते. ते बांधकामाचा खर्च पै-पैचा हिशेब देऊन सांगतात आणि घर ज्या जमिनीवर उभे आहे ती कोणाची, हे मात्र ओझरते सांगून पुढे जातात. ती बहुधा आईवडिलांची असते, मित्राची असते किंवा महिन्याच्या भाड्याची असते. माझ्या मते सगळी मेख येथेच आहे. मोठ्या शहरांत आपण कर्ज काढतो ते विटा-सिमेंटपेक्षा जागेसाठी, त्यामुळे भिंती स्वस्त करून मूळ दुखणे बरे होत नाही.

अमेरिकेतील ‘मोबाइल होम’ म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर आणून टेकवलेल्या घरांच्या वसाहतींत हे फार स्पष्ट दिसते. तेथे घर रहिवाशाचे असते आणि त्याखालचा भूखंड अनेकदा दुसऱ्याचा. अशा घरासाठी बँक पुष्कळदा गृहकर्ज देत नाही, तर वाहनासारख्या जंगम मालमत्तेवरचे, जास्त व्याजाचे कर्ज देते. नावात ‘मोबाइल’ असले तरी एकदा टेकवलेले घर उचलून नेणे इतके महाग पडते की भूखंडाचे भाडे वाढले तरी रहिवासी हलू शकत नाही. १९८४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील अशा एका वसाहतीच्या रहिवाशांनी सहकारी संस्था काढून पायाखालची जमीनच विकत घेतली आणि पुढे ही पद्धत इतर राज्यांतही पसरली. घरे होती तीच राहिली, पण भाडे ठरवणारा माणूस बदलला.

पाण्यावर राहूनही ही अडचण टळत नाही. इंग्लंडच्या कालव्यांवर जेमतेम दोन मीटर रुंदीच्या नौकांमध्ये कायमचे राहणारे हजारो लोक आहेत. १९९५ च्या कायद्यानुसार, ज्यांच्याकडे नौका बांधायला हक्काची जागा नाही त्यांना साधारणपणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक थांबता येत नाही. एकट्या माणसाला यात मौज वाटेल, पण मुलांची शाळा एका गावात असताना दर पंधरवड्याला घर पुढे सरकवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. हक्काची जागा घ्यायची तर तिचे भाडे आलेच.

म्हणून मला खरे पर्याय वाटतात ते जमिनीलाच बाजारातून बाहेर काढणारे. ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ या व्यवस्थेत जमीन विश्वस्त संस्थेकडे कायमची राहते, रहिवासी फक्त घर विकत घेतो आणि जमीन बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरतो. कर्ज बहुतेकांना तेथेही काढावे लागते, पण जागेची किंमत वगळल्यामुळे ते बरेच लहान होते. या कल्पनेच्या मुळाशी विनोबांच्या ग्रामदानाची प्रेरणा होती, हे वाचून मी चकित झालो. १९६९ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात नागरी हक्क चळवळीतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी असा पहिला ट्रस्ट उभारला. दुष्काळ आणि सरकारी कर्जवाटपातील भेदभाव यांच्या कात्रीत सापडून १९८५ मध्ये त्यांची जमीन कर्जापायीच गेली, ही त्या इतिहासातली बोचरी बाजू. कल्पना मात्र टिकली. अमेरिकेतल्याच बर्लिंग्टन शहरात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ट्रस्टमध्ये घर विकणाऱ्याला किमतीत झालेल्या वाढीचा चौथा हिस्साच मिळतो आणि उरलेली वाढ घरातच राहते, त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते परवडते.

युरोपातील काही शहरे याहून पुढे गेली आहेत. झुरिकच्या गृहनिर्माण सहकारी संस्थांत सभासद प्रवेशाच्या वेळी भागभांडवल भरतो, ते सोडून जाताना परत मिळते आणि दरमहाचे भाडे प्रत्यक्ष खर्चावरून ठरते. व्हिएन्नाने १९२३ मध्ये श्रीमंतांच्या घरांवर चढता कर बसवून त्यातून हजारो सदनिका बांधल्या. १९३० मध्ये पूर्ण झालेली, एक किलोमीटरहून लांब असलेली कार्ल मार्क्स होफ ही इमारत त्याच काळातली. आजही त्या शहरातील जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात. जर्मनीतील ‘मीट्सहॉयझर सिंडिकाट’ या, अशा अनेक इमारतींना जोडणाऱ्या मध्यवर्ती संस्थेची युक्ती मला सर्वांत आवडली. तेथे प्रत्येक इमारत एका छोट्या कंपनीच्या मालकीची असते, त्या कंपनीचे भागीदार दोनच, एक रहिवाशांची संघटना आणि दुसरे सिंडिकाट, आणि दोघांच्या संमतीशिवाय इमारत विकता येत नाही. कर्ज असते, पण ते कंपनीच्या नावावर. रहिवासी भाडे भरतो आणि निघून गेला तर कर्ज त्याच्या मागे जात नाही.

हे सारे मी घरी उत्साहाने सांगितले, तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला: “म्हातारपणी विकायला काय उरेल?” प्रश्न रास्त होता. कर्जाचे घर ही आपल्यासारख्यांची सक्तीची बचत असते, आणि बर्लिंग्टनच्या ट्रस्टमधून बाहेर पडणाऱ्याला खुल्या बाजारात पुन्हा घर घेणे कठीण जाणार, हेही उघड आहे. मी तिला एवढेच म्हणालो की आपण म्हातारपणी घर विकणार नाही, त्यात राहणार आहोत, आणि राहायला लागते ती कोणी उठ म्हणणार नाही याची खात्री. तिला ते पटले नाही. अशा संस्थेतले भाडे आणि आमचा हप्ता यांतला फरक २० वर्षे बाजूला टाकला तर किती जमेल, हे मांडून दाखव, असे तिने सांगितले आहे. ते गणित मी या रविवारी करायला घेणार आहे.