कोबीच्या बशा आणि बोर्दालो

कोबीच्या पानांसारख्या हिरव्या बशांचा फोटो सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोबत मजकूर असा, की भाज्यांच्या आकाराची भांडी जगात सर्वप्रथम पोर्तुगालच्या राफाएल बोर्दालो पिन्हेइरोने 1884 मध्ये घडवली.

माणूस खरा, सालही खरं. पण त्या साली त्याने काल्दास दा राइन्हा गावात मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला, एवढंच. मूळचा तो व्यंगचित्रकार, तोही भारी. कोबीच्या या बशा जगभर गाजल्या त्या त्याच्याच कारखान्यामुळे, हे मात्र कबूल.

‘सर्वप्रथम’ काही पटत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यालाच फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला कोबीच्या गड्ड्यासारखी झाकणाची सूपपात्रं बनत होती. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभाराने 1759 मध्ये हिरव्या ग्लेझचे, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराचे, प्रयोग नोंदवून ठेवलेत. त्यातूनच पुढे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी चहाची किटली आली: वरचा अर्धा भाग साईच्या रंगाचा, तुऱ्यांनी गच्च भरलेला, खालून हिरवी पानं वर चढलेली. नीट पाहिलं तर पानाच्या उंच शिरांवर ग्लेझ पातळ, म्हणून रंग फिका. खोलगट जागी ते साचून गडद झालेलं. शिरा हाताने रंगवायची गरजच नाही. कारागिरी म्हणतात ती ही! बोर्दालोचा जन्म 1846 चा, म्हणजे तोवर ही किटली जुन्यात जमा झालेली.

आणि हो, त्या काळच्या ग्लेझमध्ये शिसं असे. अशी जुनी बशी हाती लागलीच तर शोकेसमध्ये ठेवा, कोशिंबीर वाढू नका.